तुमच्या वाट्याची हवा मोजा

हिवाळा सुरू झाला की वर्तमानपत्रात रोज एक आकडा छापून येतो. मुंबईची हवा आज इतकी, पुण्याची इतकी, चंद्रपूरची इतकी. आपण तो वाचतो, चुकचुकतो किंवा हायसं वाटून घेतो आणि कामाला लागतो. पण तो आकडा शहराचा असतो. तुम्ही ज्या खोलीत झोपता, ज्या स्टँडवर रिक्षाची वाट बघता, ज्या रस्त्याने दुचाकी चालवता आणि जिथे आठ-नऊ तास काम करता, त्या प्रत्येक जागच्या हवेचा हिशेब केला तर जो येईल, तो तुमचा आकडा. हा हिशेब करायला लागणारी अर्धी माहिती तुमच्या फोनमध्ये आजच पडून आहे. ती वापरा, आणि ती जपाही, अशी दुहेरी विनंती मला करायची आहे.

आधी शहराचा आकडा येतो कुठून ते पाहू. हवा मोजणारं केंद्र म्हणजे एका जागी बसवलेलं यंत्र. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची केंद्रं आहेत, पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेच्या ‘सफर’ प्रकल्पाची आहेत. मुंबईच्या बीकेसीतलं केंद्र बीकेसीची हवा सांगतं, मालाडचं मालाडची. मधल्या गल्ल्या, चाळी आणि उड्डाणपुलाखालची दुकानं यांचा केवळ अंदाज बांधायचा. आणि हवा तर शंभर पावलांवर बदलते. मोठ्या रस्त्याचा धूर रस्त्याच्या कडेला सर्वांत दाट असतो, पुढच्या काही शे मीटरांत तो झपाट्याने विरळ होतो. त्यामुळे एकाच सोसायटीत रस्त्याला लागून असलेल्या इमारतीची हवा आणि मागच्या इमारतीची हवा सारखी नसते. वेळेनेही फरक पडतो. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, ती वर उठत नाही, त्यामुळे धूर आणि धूळ माणसांच्या उंचीवरच कोंडून राहतात. ऊन तापलं की हा थर मोकळा होतो. मुंबईत दुपारी समुद्रावरून वारा आला की आणखी थोडी सुटका होते. डिसेंबरात भल्या पहाटे मोठ्या रस्त्याच्या कडेने चालायला जाणारे आजी-आजोबा दिवसातली जवळजवळ सर्वांत वाईट हवा, तीही जोरजोरात श्वास घेत, छातीत भरून घेत असतात. तब्येतीसाठी लवकर उठणाऱ्यांच्या वाट्याला हे यावं याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून संशोधकांनी हवा मोजण्याबरोबर माणूस कुठे कुठे जातो हेही पाहायला सुरुवात केली. तत्त्व साधं आहे. एका जागी हवेत किती कण आहेत, त्याला तुम्ही तिथे किती वेळ होतात त्याने गुणायचं. दिवसभराच्या सगळ्या जागांची बेरीज करून चोवीसने भागायचं. पूर्वी हे करण्यासाठी लोकांना वही देऊन ‘कुठे होतात, किती वेळ होतात’ ते लिहायला सांगत. लोक विसरत, कंटाळत. फोन आल्यावर ही वही आपोआप भरू लागली.

बेल्जियममधल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ५० लाख मोबाइलधारकांच्या हालचालींची माहिती वापरली होती. वाहनांच्या धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइड या वायूचा हिशेब एकदा नुसत्या घरच्या पत्त्यावरून केला, आणि एकदा माणसं दिवसभर जिथे जातात ते धरून केला. दुसऱ्या पद्धतीने कामाच्या दिवसांचा आकडा सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास वर गेला. शनिवार-रविवारी फरक नगण्य होता. ४ टक्के म्हणजे फार नाही असं कुणी म्हणेल. पण ही सरासरी आहे. ज्याचं घरही गर्दीत आणि कामही गर्दीत, त्याला फरक पडत नाही. जो मोकळ्या उपनगरातून रोज शहरात येतो, त्याचा खरा आकडा घरच्या पत्त्यावरून कधीच कळत नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी न्यूयॉर्कमध्ये ‘पीएम २.५’ या सूक्ष्म कणांबाबत असाच ताळा करून पाहिला. शहराच्या ७१ भागांपैकी ६८ भागांत घरच्या पत्त्यावरून काढलेला अंदाज आणि हालचालींवरून काढलेला अंदाज यांत दखल घेण्याजोगा फरक निघाला.

आपल्या जवळचं उदाहरण हैदराबादलगतच्या गावांचं आहे. ‘चाय’ नावाच्या प्रकल्पात तिथल्या स्त्री-पुरुषांनी जीपीएस, हवेतले कण मोजणारं छोटं यंत्र आणि अंगावर लावायचा कॅमेरा असं सगळं बाळगलं होतं. पुरुष दूरवर जायचे, बायकांचा दिवस बहुतेक घराच्या आसपास जायचा. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. माणूस नकाशावर कुठे आहे एवढ्यावर भागत नाही, त्याच्या हाताशी काय जळतंय तेही पाहावं लागतं. लाकूडफाट्याची चूल किंवा शेजारची विडी यांचा धूर कुठल्याही उपग्रहाला दिसत नाही.

आता तुमचा स्वतःचा हिशेब. त्यासाठी कागद, पेन आणि एक नेहमीचा कामाचा दिवस पुरेसा आहे. गूगल मॅप्समध्ये ‘टाइमलाइन’ नावाची सोय असते. ती तुम्ही चालू केली असेल तर दिवसभर कुठे किती वेळ होतात ते तिथे दिसतं. आता ही नोंद तुमच्या फोनमध्येच साठवली जाते. चालू नसेल तर एका दिवसापुरती चालू करा, किंवा घड्याळ बघून हातानेच लिहा. हवेचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर आणि संकेतस्थळावर जवळच्या केंद्राचे मिळतात.

इथे एक खबरदारी घ्या, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. हवेचा निर्देशांक आणि हवेतल्या कणांचं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या राष्ट्रीय निर्देशांकात पीएम २.५ घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर आकडा १०० दिसतो. ९० मायक्रोग्रॅमला २००, १२० ला ३०० आणि २५० ला ४००. म्हणजे निर्देशांक दुप्पट झाला म्हणून धूळ दुप्पट झाली असं नाही. शिवाय बरीच परदेशी ॲप अमेरिकेची मोजपट्टी लावतात. तेच ६० मायक्रोग्रॅम आपल्याकडे ‘समाधानकारक’ गटाच्या टोकाला बसतात, तर त्यांच्याकडे दीडशेच्या पुढे जाऊन ‘आरोग्याला अपायकारक’ ठरतात. तेव्हा गुणाकार करताना निर्देशांक बाजूला ठेवा, मायक्रोग्रॅमचाच आकडा घ्या.

समजा, डोंबिवलीहून कुर्ल्याला नोकरीला जाणाऱ्या एक ताई आहेत. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, तुम्ही तुमचे घाला. झोप आणि इतर वेळ धरून घरात १० तास, तिथे ४५ मायक्रोग्रॅम. सकाळ-संध्याकाळ मिळून स्वयंपाकघरात २ तास, फोडणी-तळणीच्या धुरात १२०. घर ते स्टेशन रिक्षा आणि रिक्षाची रांग, जाता-येता मिळून १ तास, तिथे १५०. लोकलमध्ये २ तास, ८० ने. कुर्ला स्टेशनबाहेर रस्त्याने चालणं जाता-येता १ तास, तिथे १६०. ऑफिसात ८ तास, ४० ने. गुणाकार करून बेरीज केली की १४८० येतात, चोवीसने भागले की सुमारे ६२. घराजवळचं केंद्र ४५ सांगत असताना ताईंचा दिवस ६२ चा गेला. आपल्या देशाची २४ तासांची मर्यादा ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितलेली मर्यादा अवघी १५ आहे.

या बेरजेत जरा आत डोकावा. स्वयंपाकघराचे २ तास आणि रस्त्यावरचे २ तास मिळून दिवसाचा सहावा भाग होतो. पण १४८० पैकी ५५० या चार तासांतून आले, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त. ताईंनी लोकल बदलून उपयोग नाही, नोकरी तर सोडता येत नाही. पण फोडणी घालायच्या आधी स्वयंपाकघराची खिडकी उघडली, एक्झॉस्ट पंखा चालू केला आणि स्वयंपाक उरकल्यावरही काही वेळ चालू ठेवला, तर तिथला भार कमी होतो. स्टेशनबाहेर मुख्य रस्त्याऐवजी आतली गल्ली धरली तर आणखी थोडा कमी होतो. हिशेबाचा खरा उपयोग हाच आहे. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे त्यातून वेगळं दिसतं.

या हिशेबातली मोठी मर्यादाही लक्षात आली असेल. टाइमलाइनमध्ये ताईंचं घर आणि स्वयंपाकघर एकच ठिपका आहे. फोनला स्वयंपाकघर कळत नाही, देवघरातली उदबत्ती कळत नाही, डासांची कॉइल कळत नाही. खिडकी उघडी की बंद, रिक्षात की काचा बंद केलेल्या गाडीत, हे त्याला माहीत नसतं. फोनमध्ये हवा मोजणारं काहीही नसतं, ‘मी इथे होतो’ एवढंच तो सांगतो. उघड्या मैदानात जीपीएस ५-१० मीटरपर्यंत अचूक असतं, उंच इमारतींच्या मधून जाताना मात्र ते भरकटतं. नुसत्या मोबाइल टॉवरवरून काढलेली जागा शहरात काही शे मीटर आणि खेड्यात काही किलोमीटर चुकू शकते. फोन चार्जिंगला लावून तुम्ही शेतावर गेलात तर त्याच्या लेखी तुम्ही घरीच. म्हणून एखादं ॲप ‘आज तुम्ही इतके मायक्रोग्रॅम ओढले’ असं ठामपणे सांगू लागलं तर तो अंदाज समजा. दोन दिवसांची तुलना करायला, दोन रस्त्यांची तुलना करायला तो बरा. आजाराचं निदान त्यावरून होत नाही.

दमा असलेल्यांना आणि हृदयविकाराच्या रुग्णांना मात्र माझा आग्रह आहे. आठवडाभराची अशी नोंद ठेवा आणि त्याशेजारी त्या दिवशी खोकला, धाप, पंप किती वेळा लागला ते लिहा. पुढच्या भेटीत हा कागद डॉक्टरांसमोर ठेवा. ‘कधी कधी जास्त होतं’ या वाक्यापेक्षा ‘मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी नाक्यावरून आल्यावर झालं’ हे त्यांच्या कितीतरी जास्त कामाचं आहे. औषध मात्र स्वतःच्या हिशेबाने कमी-जास्त करू नका. आणि रस्त्यावर मास्क लावायचाच असेल तर चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ लावा. रुमाल आणि ओढणी या बारीक कणांना अडवत नाहीत.

आता जपण्याबद्दल. तुम्ही कुठे जाता याची नोंद ही तुमच्याबद्दलची सर्वांत बोलकी माहिती आहे. रात्री फोन कुठे असतो त्यावरून घर कळतं, दिवसा कुठे असतो त्यावरून नोकरी. शुक्रवारी किंवा रविवारी कुठे जाता त्यावरून धर्म कळू शकतो, आणि महिन्यातून एकदा कुठल्या दवाखान्यात जाता त्यावरून आजार. ‘आम्ही नाव काढून टाकतो’ असं कंपन्या सांगतात, पण नुसतं नाव काढून भागत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख लोकांची १५ महिन्यांची, नावं काढलेली मोबाइल माहिती तपासली होती. एखादा माणूस कोणत्या वेळी कुठे होता अशा फक्त चार नोंदी हाती असतील, तर १०० पैकी ९५ जणांची नोंद त्या गर्दीतून नेमकी वेगळी काढता येते, असं त्यात दिसलं. चार नोंदी तर शेजाऱ्याकडेही असतात. ज्या बाईला घरातल्या किंवा घराबाहेरच्या कुणापासून धोका आहे, तिच्यासाठी तर ही जिवाची गोष्ट आहे.

तेव्हा हवेचं ॲप घेतलंत तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला ‘अंदाजे ठिकाण’ एवढीच परवानगी द्या. मोजणी केंद्रंच एकमेकांपासून काही किलोमीटरवर आहेत. तुमच्या इमारतीचं दार कळून त्या ॲपला जास्त काही सांगता येणार नाही. परवानगी ‘ॲप वापरत असतानाच’ अशी ठेवा, ‘कायम’ नको. हवा सांगणाऱ्या ॲपने तुमच्या फोनमधले नंबर किंवा फोटो मागितले तर ते ॲप तिथल्या तिथे काढून टाका. हिशेबासाठी टाइमलाइन चालू केली असेल तर काम झाल्यावर ती नोंद पुसा. आणि घरातल्या मुलांच्या, सासूबाईंच्या, सुनेच्या फोनवर त्यांना न विचारता यातलं काहीही सुरू करू नका. काळजीपोटी सुरू केलेली नोंद पाळत कधी होते ते कळतही नाही.

पण भीतीपोटी सगळंच बंद करा असं मी म्हणणार नाही. उद्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाचे किंवा संशोधन संस्थेचे लोक दारात येऊन ‘आठवडाभर तुमचं लोकेशन द्याल का’ असं विचारतील. सगळं मराठीत नीट समजावून सांगत असतील तर ऐका, आणि उलट प्रश्न विचारा. नैतिकता समितीची मंजुरी आहे का? माझ्या घराची जागा तुम्ही पुसट करणार का? माहिती किती दिवस ठेवणार, आणखी कुणाला देणार? मी मधेच नाही म्हटलं तर? शेवटी माझा आकडा मला सांगणार का? या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली तर जरूर सहभागी व्हा. आपल्या शहरांतल्या माणसांचा अभ्यास झाला नाही तर आपल्यासाठी नियम बेल्जियम आणि न्यूयॉर्कच्या आकड्यांवरून बनतील. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं सांगितलं आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणाने दिलेली असली पाहिजे, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं असलं पाहिजे, असं म्हटलं आहे. या कायद्याचा अंमल टप्प्याटप्प्याने होतो आहे, तरी प्रश्न विचारायला त्यासाठी थांबायची गरज नाही.

महापालिकांकडेही एक मागणी लावून धरायला हवी. कोणत्या वेळी कुठल्या चौकात किती माणसं असतात, एवढा गोळाबेरीज आकडा मोबाइल कंपन्यांकडून घेता येतो. त्यात कुणा एकाची ये-जा दिसायची गरज नसते. तो हाती आला की मोजणी यंत्रं कुठे बसवायची ते ठरवता येईल: स्टेशनच्या तोंडाशी, बसथांब्यावर, शाळेच्या फाटकापाशी, जिथे माणसं खरोखर उभी राहतात तिथे. बांधकामाची धूळ आवरणं, कचरा जाळणं थांबवणं, रस्ता धुणं ही कामंही तिथून सुरू करता येतील.

मात्र फोनच्या माहितीवर सगळी योजना उभी केली तर ज्यांच्याकडे फोन नाही ते योजनेतूनही गळतील. नाक्यावर काम शोधत उभा असलेला मजूर, कचरा वेचणाऱ्या बाया, वीटभट्टीवरचं कुटुंब, ज्या घरात एकच फोन आणि तो नवऱ्याच्या खिशात, अशा घरातली बाई आणि तिची शाळकरी पोरं. सर्वांत वाईट हवेत सर्वांत जास्त तास घालवणारी हीच माणसं आहेत आणि टाइमलाइनवर ती कुठेच नाहीत.

म्हणून तुमचा कागद भरून झाला की आणखी एक कागद घ्या. सोसायटीचे वॉचमन, घरी येणाऱ्या मावशी, कोपऱ्यावरचे भाजीवाले काका, यांतल्या एकाला त्यांचा दिवस विचारा. त्यांची हरकत नसेल तरच लिहा, नाव लिहू नका. किती तास रस्त्यावर, किती तास चुलीपाशी, कुठल्या चौकात, ते सगळं मांडा. बचत गटात, ज्येष्ठ नागरिक संघात, गणेश मंडळात असे दहा-वीस कागद सहज जमतील. त्यांतून ज्या एक-दोन जागा पुन्हा पुन्हा वर येतील, त्या जागी हवा मोजण्याची आणि धूळ आवरण्याची लेखी मागणी वॉर्ड ऑफिसात द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.